वेग कुणासाठी? कार्यप्रक्रियांची मॉडेलं, डेटाबेस आणि आपले प्रश्न

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की डेटाबेसचा वेग वाढवणं हे अभियंत्यांचं काम, त्यात तत्त्वज्ञानाच्या माणसाने काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं, की या विषयावरचं बरंचसं लेखन एकाच साच्यातलं असतं. इंडेक्स लावा, कॅशे वाढवा, जास्त मेमरीचा सर्व्हर घ्या, जुना डेटा काढून टाका. यातला एकही सल्ला खोटा नाही. पण आपण साठवतो आहोत ती वस्तू कोणती, आणि तिला कोणते प्रश्न विचारणार आहोत, हे ठरवल्याशिवाय ‘वेगवान’ या विशेषणाला अर्थच येत नाही. वेग हा नेहमी कुठल्या तरी प्रश्नाला उत्तर देण्याचा वेग असतो. आज आपण या सल्ल्यांची परीक्षा त्या बाजूने करू.

आधी वस्तू समजून घेऊ. एखाद्या पतसंस्थेतली कर्जमंजुरी घ्या. अर्ज येतो. मग दोन कामं एकाच वेळी सुरू होतात, कागदपत्रांची तपासणी आणि जामीनदाराची चौकशी. दोन्ही पूर्ण झाली की व्यवस्थापक रक्कम बघतो. रक्कम मर्यादेच्या आत असेल तर तो स्वतः निर्णय देतो, वर असेल तर प्रकरण कर्ज उपसमितीकडे जातं. शेवटी मंजुरी किंवा नामंजुरी. हे सगळं चौकटी, बाण आणि चौकोनी हिऱ्यांनी कागदावर काढलं की झालं कार्यप्रक्रियेचं मॉडेल.

अशा चित्रांसाठी जगभर आज जी लिपी वापरतात तिचं नाव बीपीएमएन. तिची पहिली आवृत्ती 2004 मध्ये आली, दुसरी 2011 मध्ये, आणि 2013 मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. दुसऱ्या आवृत्तीने एक मोठी गोष्ट केली. चित्र साठवण्यासाठी आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी एक्सएमएलचा ठरलेला साचा दिला. त्या फाइलमध्ये दोन भाग असतात. एक अर्थाचा भाग, म्हणजे कुठलं काम कुठल्या कामानंतर. दुसरा मांडणीचा भाग, म्हणजे कुठली चौकट कागदावर कुठे, किती रुंद, बाण कुठे वळतो. हा भेद लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता ही फाइल डेटाबेसमध्ये ठेवायची कशी?

पहिला मार्ग सरळ. अख्खी फाइल एका रकान्यात टाकून द्यायची. गाठोडं बांधून माळ्यावर ठेवावं तसं. ठेवायला वेळ लागत नाही, काढायलाही नाही, कारण एकच ओळ वाचायची असते. पण कुणी विचारलं, की ‘ज्या प्रक्रियांत जामीनदाराच्या चौकशीआधीच पैसे वाटले जातात अशा सगळ्या दाखवा’, तर प्रत्येक गाठोडं सोडून बघावं लागतं. डेटाबेसला आत काय आहे हे ठाऊकच नाही.

दुसरा मार्ग कॉड यांच्या 1970 च्या निबंधापासून चालत आलेल्या संबंधात्मक विचाराचा. प्रत्येक चौकट एका टेबलात एक ओळ, प्रत्येक बाण दुसऱ्या टेबलात एक ओळ. आता आतलं दिसू लागलं. पण किंमत मोजावी लागते. समजा एका मॉडेलमध्ये 60 चौकटी आणि 70 बाण आहेत, आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने प्रत्येकासाठी वेगळी क्वेरी पाठवली. मॉडेलची एक, बाकीच्या 130, एकूण 131 फेऱ्या. एका फेरीला 2 मिलिसेकंद धरले तरी 262 मिलिसेकंद झाले. पहिल्या मार्गात एकच फेरी होती. इथे लोक म्हणतात, ‘संबंधात्मक डेटाबेस मंद आहे’. अहो, बाजारात एका यादीसाठी 131 खेपा घातल्या तर दोष बाजाराचा कसा? मॉडेलच्या क्रमांकावर इंडेक्स लावून सगळ्या चौकटी एका क्वेरीत आणि सगळे बाण दुसऱ्या क्वेरीत आणले, की दोन-तीन फेऱ्यांत काम होतं.

खरी अडचण वेगळी आहे. ‘अ नंतर लगेच ब येतं का?’ हा प्रश्न टेबलाला सोपा. ‘अ नंतर कधी ना कधी ब येतं का?’ हा अवघड, कारण मध्ये किती बाण आहेत हे आधी माहीत नसतं. एसक्यूएलच्या 1999 च्या मानकात यासाठी स्वतःलाच पुन्हा बोलावणारी क्वेरी आली. तिने उत्तर मिळतं, पण प्रत्येक वेळी वाट नव्याने चालावी लागते. उपाय असा, की मॉडेल साठवतानाच ‘कुठून कुठे पोचता येतं’ याची तयार यादी करून ठेवायची. मॉडेल महिन्यातून एकदा बदलतं आणि दिवसातून हजारदा वाचलं जातं, तर लिहिताना थोडे कष्ट घेऊन वाचताना सुख मिळवणं हा शहाणपणाचा व्यवहार.

तिसरा मार्ग आलेख-डेटाबेसचा. तिथे चौकटीलाच तिच्या शेजाऱ्यांचा पत्ता ठाऊक असतो, म्हणून वाट चालणं स्वस्त पडतं. या मार्गाबद्दल अलीकडे फार उत्साह दिसतो. आमचा आक्षेप उत्साहावर नाही, तर्कावर आहे. ‘मॉडेल हा आलेख आहे, म्हणून ते आलेख-डेटाबेसमध्येच वेगवान चालेल’, हे अनुमान सदोष आहे. आपला रोजचा प्रश्न जर ‘या महिन्यात किती अर्ज मंजूर झाले’ असा असेल, तर तिथे वाट चालायचीच नाही, नुसती मोजदाद करायची आहे. तिथे साधं टेबल पुरतं. घोडा चांगला आहे हे खरं, पण आपल्याला नदी ओलांडायची आहे की रस्ता कापायचा आहे, हे आधी सांगा.

इथे न्यायदर्शनाची मदत घेऊ. न्यायसूत्रांत एक जुनी चर्चा आहे. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ काय? समोर उभी असलेली ती एक गाय, म्हणजे व्यक्ती? अवयवांची विशिष्ट रचना, म्हणजे आकृती? की सगळ्या गायींत असणारं गोत्व, म्हणजे जाती? नैयायिकांनी उत्तर दिलं, तिन्ही मिळून.

आता ‘कर्जमंजुरी’ हा शब्द घ्या. कधी आपण वर्षानुवर्षं चालत आलेल्या त्या कामाबद्दल बोलतो, ती जाती. कधी आजच्या नियमाप्रमाणे आखलेल्या रचनेबद्दल, ती आकृती. नियम बदलला की नवी आवृत्ती निघते. आणि कधी एखाद्या अर्जदाराच्या चालू प्रकरणाबद्दल, ती व्यक्ती. तुलना अगदी तंतोतंत जुळते असं आम्ही म्हणत नाही, पण डेटाबेसचे निम्मे घोळ या तिघांची सरमिसळ केल्याने होतात.

कॅमुंडा 7 हे प्रक्रिया चालवणारं प्रसिद्ध इंजिन बघा. त्याच्या डेटाबेसमध्ये टेबलांची नावं उपसर्गांनी वेगळी केलेली आहेत. ‘आरई’ म्हणजे व्याख्यांचं कोठार, ‘आरयू’ म्हणजे आत्ता चालू असलेली प्रकरणं, ‘एचआय’ म्हणजे इतिहास. व्याख्येच्या ओळीत प्रक्रियेची किल्ली असते, आवृत्तीचा आकडा असतो, आणि त्या विशिष्ट आवृत्तीची स्वतःची ओळख असते. चालू प्रकरण त्या विशिष्ट आवृत्तीकडे बोट दाखवतं. म्हणजे जाती, आकृती, व्यक्ती, तिन्हींना आपापली जागा. एक्सएमएल फाइल मात्र गाठोडं म्हणूनच ठेवलेली असते. ती एकदा वाचून, तिचा अर्थ लावून, मेमरीत ठेवतात आणि मग पुन्हा पुन्हा तीच वापरतात. प्रकरण संपलं की ‘आरयू’मधल्या त्याच्या ओळी पुसल्या जातात, त्यामुळे चालू टेबलं लहान राहतात आणि लहान टेबल वेगाने चालतं. इंजिनाचा प्रश्न एकच आहे, ‘या प्रकरणात पुढचं पाऊल कोणतं?’ त्या प्रश्नासाठी ही रचना उत्तम आहे.

याउलट, काही ठिकाणी घरच्या घरी बनवलेल्या व्यवस्थांत मॉडेलची तीच ओळ जागच्या जागी बदलतात. जागा वाचते, इंडेक्स लहान राहतो. पण मार्चमध्ये आलेला अर्ज जुन्या नियमाने चालला होता, आणि जूनमध्ये ती आकृतीच पुसली गेली. आता त्या प्रकरणाला आपण कुठल्या वाटेवर होतो हे सांगता येत नाही. हा वेगाचा लाभ म्हणायचा की स्मृतिभ्रंश?

आता शोधाकडे येऊ. मोठ्या संस्थांकडे मॉडेलं शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. ‘या तुकड्यासारखा तुकडा कुठल्या मॉडेलमध्ये आहे?’ हा प्रश्न नेहमीचा. गणिताच्या भाषेत हा उपआलेख शोधण्याचा प्रश्न, आणि तो एनपी-पूर्ण आहे. म्हणजे प्रत्येक उदाहरणात हमखास झटपट चालेल अशी रीत आज कुणाकडे नाही. मग अभ्यासकांनी काय केलं? दोन पायऱ्या केल्या. पहिली पायरी चाळणीची. तुकड्यात ‘तपासणीनंतर मंजुरी’ अशी जोडी असेल, तर ज्या मॉडेलमध्ये ती जोडीच नाही ते इंडेक्सच्या आधाराने लगेच बाजूला काढायचं. दुसरी पायरी पडताळणीची. चाळणीतून उरलेल्या थोड्या मॉडेलांवरच ती महागडी तुलना चालवायची.

या चाळणीची पारख कशी करायची? आपल्याकडे लक्षणाचे दोष सांगितले आहेत. नको ते आत घेतलं तर अतिव्याप्ती, हवं ते बाहेर राहिलं तर अव्याप्ती. चाळणीत अतिव्याप्ती चालते, कारण पुढे पडताळणी बसलेली आहे; थोडा वेळ वाया जाईल इतकंच. अव्याप्ती मात्र चालत नाही. बाहेर टाकलेलं मॉडेल पुन्हा कुणी बघणारच नाही. म्हणून एखादा इंडेक्स दहापट वेगवान आहे असं कुणी सांगितलं, की पहिला प्रश्न विचारावा, तो काही गाळतो का? गाळत असेल तर तुलनाच लागू नाही, कारण दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. काही वेळा अंदाजे उत्तर पुरतं, हेही मान्य. पण मग ते अंदाजे आहे असं पाटीवर लिहा.

यापुढचा प्रश्न आणखी खोल. दोन मॉडेलं दिसायला वेगळी पण वागायला सारखी असू शकतात. वागणूक तपासायची तर सगळ्या शक्य अवस्था बघाव्या लागतात. एकाच वेळी चालणारी 10 स्वतंत्र कामं असतील, तर कुठली झाली आणि कुठली राहिली याच्या 1024 अवस्था. 20 कामं असतील तर 10,48,576. कुठला डेटाबेस हे सगळं साठवत बसेल? म्हणून प्रत्येक दोन कामांमधलं नातं तेवढं नोंदवायची एक युक्ती निघाली. अ नेहमी ब च्या आधी, दोघांपैकी एकच, की कुठलाही क्रम चालेल? 100 कामं असली तरी जोड्या 10,000 च. साध्या टेबलात मावतात, इंडेक्सने शोधता येतात. युक्ती सुंदर आहे. पण जोड्यांच्या या तक्त्यात मूळ वागणुकीतलं सगळं उतरत नाही. वेगळ्या वागणुकीची दोन मॉडेलं त्यात सारखी दिसू शकतात. संक्षेप करताना काहीतरी सुटतंच. काय सुटलं हे ठाऊक असणं, यालाच आम्ही ज्ञान म्हणतो.

आणि सगळ्यात आधी, साठवलेलं मॉडेल बरोबर आहे का? एसएपी कंपनीच्या संदर्भ-मॉडेलचं उदाहरण या क्षेत्रात वारंवार देतात. त्यातली 604 प्रक्रिया-मॉडेलं अभ्यासकांनी यांत्रिक रीतीने तपासली, तेव्हा किमान 34 मध्ये दोष सापडले. दोष म्हणजे, उदाहरणार्थ, दोन वाटांची वाट बघणारा सांधा, ज्यापैकी एक वाट कधी येणारच नाही. प्रकरण तिथे कायमचं थांबणार. असं मॉडेल एका मिलिसेकंदात वाचून दाखवणारा डेटाबेस आपल्याला फक्त लवकर अडकवतो. तपासणी साठवतानाच करावी, तिचा निकाल मॉडेलसोबत ठेवावा. तेवढ्याने साठवण थोडी मंदावेल, मंदावू द्या.

आता आमच्या मते या चर्चेतला सर्वांत गंभीर मुद्दा. वेग वाढवण्यासाठी सर्वांत सहज दिला जाणारा सल्ला कोणता? इतिहास कमी लिहा, लवकर पुसा. कॅमुंडा 7 मध्येच इतिहासाच्या चार पातळ्या आहेत, काहीच नाही, फक्त कामांची नोंद, लेखापरीक्षणापुरती, आणि पूर्ण. पातळी खाली आणली की डेटाबेसवर लिहिण्याचा भार कमी होतो, हे निर्विवाद. इतिहासाच्या टेबलांत भरच पडत जाते, आणि वाढलेलं टेबल सगळ्यांना जड होतं, हेही खरं.

पण हा इतिहास कुणाचा? आपल्या राज्यात 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर नागरिकाला अपील करता येतं. ते अपील कशावर उभं राहतं? अर्ज कुठल्या तारखेला कुणाच्या टेबलावर आला आणि तिथे किती दिवस पडून होता, यावर. आता एका टेबलावरची ही दिरंगाई दुसऱ्या टेबलात नोंदलेली असते, आणि ते दुसरं टेबल ‘परफॉर्मन्स’साठी रिकामं केलं, तर दिरंगाई करणारा सुटला आणि अर्जदार पुराव्याविना उभा राहिला. यंत्रणा वेगवान झाली असं अहवालात लिहिलं जाईल. ज्याचं काम रखडलं त्याच्यासाठी ती वेगवान झाली का?

प्रक्रियेचं मॉडेल म्हणजे ‘काम असं व्हावं’ हे विधान. इतिहास म्हणजे ‘काम असं झालं’ हे विधान. पहिलं ठेवून दुसरं पुसलं तर आदर्श आणि वास्तव यांची तुलनाच करता येत नाही. घटनांच्या नोंदींवरून खरी प्रक्रिया शोधून काढणारं एक शास्त्र गेल्या काही दशकांत उभं राहिलं आहे. तशा नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी 2016 मध्ये आयईईईचं मानकही आलं. नोंदीच नसतील तर ते शास्त्र कशावर चालवणार?

कुणी म्हणेल, ‘सर, उपदेश ठीक आहे, पण डिस्क भरली, त्याचं काय?’ उपाय आहेत. इतिहासाची टेबलं महिन्यांप्रमाणे विभागून ठेवावीत, म्हणजे चालू महिन्याच्या कामाला जुन्या वर्षांचं ओझं होत नाही. जुने विभाग स्वस्त साठ्यात हलवावेत, आणि कायद्याने व अपिलाच्या मुदतीने परवानगी दिल्यावरच नष्ट करावेत. अहवाल काढणाऱ्यांना डेटाबेसची वेगळी प्रत द्यावी, म्हणजे महिनाअखेरीच्या मोठ्या क्वेरीमुळे खिडकीवरच्या माणसाचं काम थांबत नाही. मांडणीचा भाग, म्हणजे चौकटींचे कोपरे आणि बाणांची वळणं, अर्थापासून वेगळा ठेवावा. प्रक्रिया चालवताना त्याची गरजच नसते. आणि माणसांचा खासगी तपशील इतिहासात गरजेपुरताच लिहावा. जपायचा आहे तो घटनाक्रम, प्रत्येकाची कुंडली नव्हे.

शेवटी मोजमापाबद्दल. अहवालात सरासरी देतात. समजा 100 अर्जदारांपैकी 99 जणांना 1 सेकंदात उत्तर मिळालं आणि एकाला 300 सेकंद लागले. बेरीज 399, सरासरी जवळजवळ 4 सेकंद. हे 4 सेकंद शंभरांतल्या कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. 99 जणांवर ही सरासरी अन्याय करते आणि त्या एकाला लपवते. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्क्याचा आकडाही मागा. तो एक टक्का बहुतेक वेळा योगायोगाने मंद नसतो. त्याचं प्रकरण गुंतागुंतीचं असतं, कागद जास्त असतात, फेऱ्या जास्त झालेल्या असतात. म्हणजे ज्याला आधीच त्रास आहे, त्यालाच यंत्रही थांबवून ठेवतं.

तेव्हा एखादी व्यवस्था वेगवान केली असं सांगायला कुणी आलं, तर त्याला चार गोष्टी विचाराव्यात. कुठला प्रश्न वेगवान झाला? त्यासाठी काय गाळलं? काय पुसलं? आणि सर्वांत मागे राहिलेल्याला किती वेळ लागतो? या चारांची उत्तरं मिळाली, तर पुढचं काम अभियंत्यांवर निर्धास्त सोपवावं, ते त्यात आपल्यापेक्षा निष्णात आहेत. उत्तरं मिळाली नाहीत, तर नव्या सर्व्हरच्या खरेदीवर सही करण्याआधी थोडं थांबावं.

इथे थांबतो. पुढच्या व्याख्यानात ‘आवृत्ती बदलल्यावर चालू प्रकरणांचं काय करायचं’ हा प्रश्न घेऊ. आज त्याला आपण ओझरता स्पर्श केला, तो स्वतंत्र तासाचा विषय आहे.